उकंडरावांचा पुकारा

आमच्या तालुक्याच्या दिवाणी कचेरीत पुकारा करणारे शिपाई उकंडराव. पट्टा-बिल्ला सरकारचा, पण गळा स्वतःचा. व्हरांड्यात उभं राहून त्यांनी नाव घेतलं, की लिंबाखालचा पक्षकार तर उठेच, पण बाजारात भजी खात बसलेला त्याचा साक्षीदारही हात पुसत धावत येई.

उकंडराव कागद पाहून नव्हे, माणूस पाहून पुकारत. एकेका गावात तीन-तीन पंजाबराव. तिघांना उठवून दोघांना बसवण्यापेक्षा ते सरळ ओरडत, "पंजाबराव, तोतरे नाही, डावखुरे, चला!" म्हाताऱ्या बायांना म्हणत, "मावशी, तंबाखू थुका, पदर घ्या, साहेब वाट पाहून राह्यले!" जुने जज्जसाहेब मिशीत हसत. वीस वर्षांत ऐकू न आल्यामुळे एकही दावा बुडाला नाही. त्याबद्दल कोणी शाबासकी दिली नाही, पण कोणी आडवंही आलं नाही. सरकारी नोकरीत यालाच शाबासकी म्हणतात.

मग नवे साहेब आले. सोबत एक ट्रंक कपड्यांची आणि दोन कायद्यांच्या. पहिल्या आठवड्यात हुकूम निघाला, ओरडू नये. दुसऱ्यात, पक्षकाराचं व्यंग काढू नये. तिसऱ्यात 'मावशी'बद्दल लेखी जबाब मागितला.

"सरकारला मावशी नसते," साहेब म्हणाले. "कागदात असेल तेवढंच वाचायचं. तीन वेळा. पुरे."

उकंडराव तेवढंच वाचू लागले. चेहरा असा, जणू दुसऱ्याच्या सासऱ्याच्या तेराव्याला जेवायला बसलेत.

अशात झुंबरबाईंची चौथी तारीख आली. दिरानं सामाईक विहिरीवरची त्यांची पाण्याची पाळी बंद केली होती, म्हणून बाई पिंपळगाव राजा या गावाहून बैलगाडीनं यायच्या. हजर नसतील तर दावा खलास. आणि कागदावर त्यांचं नाव होतं अन्नपूर्णाबाई! लग्नात सासरच्यांनी ठेवलेलं ते नाव अक्षता वाळायच्या आत गाव विसरलं होतं, आणि बाईसुद्धा. आधीच्या तिन्ही तारखांना उकंडरावांनी त्यांना 'झुंबरमावशी' म्हणूनच उठवलं होतं.

बाई समोर पायरीवरच बसल्या होत्या. उकंडरावांकडं पाहून हसल्यासुद्धा. उकंडरावांनी तोंड उघडलं, खिशातला तिसरा हुकूम चाचपला, आणि कागद वाचला, "अन्नपूर्णाबाई, हाजीर हो." तीन वेळा. ही अन्नपूर्णा कोण, म्हणून बाईंनी मान वळवून सगळं पटांगण पाहून घेतलं.

आत साहेबांनी लिहिलं, वादी गैरहजर, दावा काढून टाकला.

दुपार कलल्यावर बाईंनी विचारलं, "काऊन रे उकंडा, माहा पुकारा कधी होते?"

"झाला, मावशी."

"कवा? मी त सकायपासून अठीच बसून हाये! तू त त्या अन्नपूर्णीलेच बोलावून राह्यला होता. ते भवानी काही आली नाही!"

"ते भवानी तुम्हीच हा, मावशी."

बाई पदर झटकून उठल्या. गाडी जुंपायला गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर उकंडरावांना बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात साहेबांनी बुकात शेरा मारला, 'शिपायाच्या कामात समाधानकारक सुधारणा.' वीस वर्षांतला पहिला शेरा! उकंडराव त्याचा अर्थ विचारायला लिंबाखालच्या अर्जनविसाकडं, गुलजारमियांकडं गेले.

"मियां, सुधारणा म्हंजे काय?"

"म्हंजे तुम्ही काम बंद केलं, ते साहेबाले पसंत पडलं. मुबारक हो!"

उकंडराव त्यांच्यासमोर मांडी घालून बसले. मग म्हणाले, "मंग एक अर्ज लिहा. बाई हजर होती, दावा पुन्हा घ्या म्हणून. अंगठा बाईचा, साक्षीदार मी. जाईल नोकरी त जाईल. अन् बाईचं नाव मी सांगतो तसंच्या तसं लिहा."

त्या अर्जाच्या तारखेला उकंडराव व्हरांड्यात आले. कागद डोळ्यांसमोर धरला, आणि तो जुना गळा लागला, "अन्नपूर्णाबाई ऊर्फ झुंबरमावशी, पिंपळगाव राजावाल्या, हाजीर हो!"

छपरावरची कबुतरं उडाली. साहेबांनी लाल होऊन कागद ओढून घेतला. त्यात तसंच लिहिलं होतं, खाली सरकारी तिकीट लावलेलं.

"वरडू नको बापा," पायरीवरून आवाज आला. "बहिरी नाही मी. तंबाखू त थुकू दे!"