शिक्केवाल्यांचे पाहुणे

"ओलं हाय, हात लावू नका."

भूम गावच्या कचेरीसमोरच्या त्या टपरीत कुणीही शिरलं की शिक्केवाले मान वर न करता आधी हे म्हणायचे. वस्तू ठणठणीत कोरडी असली तरी म्हणायचे. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळं हात लावू नका म्हटलं की मला हमखास हात लावावासा वाटतो. पहिल्याच भेटीत अंगठ्याला लागलेली जांभळी शाई चार दिवस निघाली नाही.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. ग्रामपंचायतीचा गोल शिक्का, चेअरमनची सही, मुख्याध्यापकांचं नाव, सगळं त्याच्या हातून घडतं आणि त्याचं नाव मात्र कुणी विचारत नाही. आम्हीही त्यांना नुसतं शिक्केवाले म्हणायचो. बुटके, अंगात कायम करडा शर्ट, डोळ्याला घड्याळजीचं भिंग. उलटी अक्षरं वाचून वाचून तुम्हाला सरळ पेपर वाचता येत नसेल, अशी मी त्यांची चेष्टा करायचो. ते हसायचे आणि काम करत राहायचे.

एकदा शाळेचा शिक्का आणायला गेलो, तर म्हणाले, "सर, जरा हितं बघा की."

काचेवर काडेपेटीएवढा पारदर्शक रबराचा तुकडा होता आणि त्यात केसाएवढी बारीक नाली. शिक्क्याचं रबर कसं होतं ते मला तेव्हा कळलं. चिकट पातळ रस, त्यावर अक्षरांची फिल्म, वरून जांभळा उजेड. उजेड लागेल तिथं रस घट्ट होतो, बाकीचा धुऊन जातो. अक्षरांच्या जागी या गृहस्थांनी नाली काढली होती. तिच्या तोंडाशी त्यांनी विहिरीच्या पाण्याचा थेंब सोडला आणि वर मोबाइल धरला. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर जुन्या सीडी प्लेअरमधलं भिंग चिकटवलेलं होतं. पडद्यावर हिरवे जीव एकामागं एक सरकत होते, रेशनच्या रांगेत उभे असल्यासारखे.

मी हबकलोच. वीस वर्षं मी एकपेशीय जीव खडूनं फळ्यावर काढत आलो होतो, आणि हा सातवी शिकलेला माणूस त्यांना रांगेनं चालवत होता!

"हे शिकलात कुठं?"

"शिकलो कुठं? लोकांला इचारलं."

मग त्यांनी मोबाइलवरचा ग्रुप दाखवला. तो दुसरा धक्का. घरच्या घरी असले उद्योग करणारी कुठकुठली माणसं तिथं होती. कुणी न्हाणीघरात शेवाळ वाढवत होतं, कुणी खेळण्यातल्या मोटारीवर रक्त घुसळायचं यंत्र करत होतं. आणि नाल्यांचं काही अडलं की सगळी आमच्या शिक्केवाल्यांना विचारायची, 'सर, कडा फाटतात, काय करू?' ग्रुपवर यांचं नाव 'शिक्का'. फोटो नाही, आवाज नाही. इंग्रजी आलं की मोबाइलकडूनच मराठी करून घ्यायचे आणि दोन ओळींत उत्तर द्यायचे. 'उजेड कमी द्या. कोमट पाण्यानं धुवा. घाई नको.'

घरी ते बटाट्याच्या पाण्यात चायनाग्रास घालून, बाटल्या कुकरात उकळून, त्यात मातीतले जंतू वाढवायचे. त्यांच्या बायको, म्हणजे आमच्या वहिनी, मला म्हणायच्या, "सर, तुमी तरी सांगा. कुकर वरनाचा हाय का ह्यांच्या किड्यांचा?"

एक दिवस शिक्केवाले मधल्या सुट्टीत शाळेत आले. चेहरा पांढराफटक.

"सर, ती यायलीत."

"कोण?"

"ग्रुपवाली. तिघं. पुण्याहून. रविवारी."

"मग चांगलंच आहे की!"

"कशाचं चांगलं? मला बघितलं की संपलं. सातवीवाल्याला पुन्हा कोण इचारतंय? एवढीच तर मानसं हायत मला." मग माझा हात धरून म्हणाले, "तुमी बसा माझ्या जागी. तुमी एमेस्सी हाव."

मी त्यांना रागवायला हवं होतं. खरं सांगतो, मला गुदगुल्या झाल्या.

रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून त्यांच्या खुर्चीवर बसलो. दोन मुलगे आणि एक मुलगी, तिघं बाकड्यावर. शिक्केवाले चहा आणत होते, कप विसळत होते. मुलीनं वही उघडून पहिलाच प्रश्न टाकला, "सर, उजेड किती वेळ देता?"

"तसा... अंदाजानं," मी म्हणालो.

मागून कप वाजले. "सर मला सांगत असत्यात, चाळीस आकडे मोज म्हणून. थंडीत पंचावन्न."

असं दोन तास चाललं. मी खाकरायचो आणि शिक्केवाले 'सर म्हनत्यात' म्हणून उत्तर द्यायचे. शेवटी शेवटी तर माझ्या खाकरण्याचीही ते वाट बघेनात. मी त्यांना इतकं बोलताना कधीच पाहिलं नव्हतं.

पाहुणे गेल्यावर मी म्हणालो, "पुढच्या खेपेला तुम्हीच बसा खुर्चीवर."

"दिवाळीत यायचं म्हनलीत," ते म्हणाले. "तवा सांगतो. व्हय, सांगूनच टाकतो."

दिवाळीला तीन आठवडे असताना शिक्केवाले टपरीतच गेले. छातीत कळ आली आणि संपलं. मी नववीच्या वर्गात होतो. निरोप घेऊन आलेल्या शिपायाला मी दोनदा विचारलं, कोण, कोण म्हणालास? वर्ग तसाच सोडून धावलो. काचेवर रस पसरलेला होता आणि दिवा चालूच होता. मी तो बंद केला.

दहावा झाल्यावर धीर करून मी त्यांच्या मोबाइलवरून ग्रुपवर सगळं खरं लिहिलं. खुर्चीवर बसलेला मी कुणीच नव्हतो, चहा देणारे ते सर होते, आणि ते आता नाहीत.

पाच मिनिटांत त्या मुलीचा फोन आला. आधी नुसती रडली. मग म्हणाली, "आम्हाला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तेच सर आहेत हे. दहा मिनिटांत कळलं होतं तिघांनाही. पण त्यांनाच ते उघड करायचं नव्हतं, तर आम्ही कसं बोलणार? ठरवलं, दिवाळीत ते आपणहून सांगतील."

त्यांनी मान राखला, मी गुपित राखलं. सगळे किती शहाण्यासारखे वागलो होतो!

तसाच त्यांच्या घरी गेलो. वहिनी उंबऱ्याजवळ बसल्या होत्या. मी पाहुण्यांचा विषय काढताच म्हणाल्या, "त्या रविवारी जेवलेच न्हाईत बघा, इतकं खूश. म्हनले, आज माझी मानसं भेटली. वळखलं न्हाय मला त्यांनी, पर भेटली."

मी खाली बघत सांगितलं, "वहिनी, त्यांनी ओळखलं होतं. तिघांनीही."



"मग सांगायचं व्हतं की वो, सर," त्या म्हणाल्या. "कुनीतरी सांगायचं व्हतं त्यांला."