कुंदाताईंचा ओढा

माझ्या मुलीचा हात कुंदाताईंच्या खेळात मोडला नव्हता. तो माझ्यामुळे मोडला. हे एवढं सांगायला मला सात वर्षं लागली, आणि तोवर ज्यांनी ते ऐकायला हवं होतं त्याच उरल्या नाहीत. महिन्याभरापूर्वी सकाळी दुधाच्या रांगेत ऑफिसातले एक गृहस्थ म्हणाले, "सोनवणे, कळलं का? जगताप गार्डांच्या मिसेस वारल्या. चार दिवसांचा ताप, बस." रांग पुढे सरकली, मागचा माणूस "भाईसाब, आगे बढ़ो" म्हणाला, मी दूध घेतलं, घरी येऊन तापायला ठेवलं. बायकोला ही बातमी सांगायला मला संध्याकाळ झाली...

ऐंशी साली भुसावळहून माझी जयपूरला बदली झाली तेव्हा मनू तीन वर्षांची होती. खातीपुऱ्याच्या बाजूला आम्हा रेल्वेतल्या मराठी कुटुंबांची वस्ती होती. आमच्या मंडळाने एका रिकाम्या खोलीत बालवाडी काढली होती, मी मंडळाचा चिटणीस, आणि बालवाडीच्या बाई म्हणजे कुंदाताई जगताप. मूळच्या कराडकडच्या, आवाज मोठा, चाल झपझप. अक्षरं, गाणी सगळं त्या शिकवत, पण त्यांचा जीव उड्यांत. "पोरगं दोन्ही पाय एकदम उचलतं ना, भाऊ, तेव्हा ते पहिल्यांदा स्वतःच्या भरवशावर असतं," असं मला एकदा म्हणाल्या होत्या. मला तेव्हा त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. खोलीमागच्या मोकळ्या जागेत त्यांनी वाळू पसरून घेतली होती. ती वाळू त्या रोज सकाळी स्वतः चाळत, काचा-खडे वेचत, आणि मगच मुलांना बाहेर आणत.

उडी मारायच्या आधी त्या उतरायला शिकवत. त्यासाठी मांजराचा खेळ होता. ताई चादर पांघरून वाळूवरच्या सतरंजीवर झोपलेली आत्या होत. मुलांनी मांजर होऊन एकेक करून बुटक्या स्टुलावरून उडी मारून स्वयंपाकघरातलं दूध प्यायला यायचं. पाय आपटले, आवाज झाला, की आत्या उठून बसे, "कोण रे ते मेलं मांजर?" मग सगळी वाळूवर लोळून हसत. हसता हसता गुडघे वाकवून, चवड्यांवर, आवाज न करता उतरायला ती कधी शिकली हे त्यांनाही कळलं नाही. मनू घरी पलंगावरून उतरतानासुद्धा बजावायची, "बाबा, चूप राहा. मतलब, आत्या झोपलीय."

त्यानंतरचा खेळ ओढ्याचा. आपलं एक निळं लुगडं उभं फाडून ताईंनी त्याच्या दोन लांब पट्ट्या केल्या होत्या. त्या वाळूवर अशा अंथरायच्या की एका टोकाला अंतर वीतभर आणि दुसऱ्या टोकाला चांगलं हात-दीड हात. अरुंद टोक म्हणजे चिमणीचं पाणी, मधलं बकरीचं, रुंद टोक उंटाचं. कुठून उडी मारायची हे ज्याचं त्याने ठरवायचं. कुणी महिनाभर चिमणीच्याच पाण्यावरून मारली तरी ताई त्याला पुढे ढकलत नसत. आणि एक नियम त्यांनी आम्हा पालकांनाही बजावून ठेवला होता. काठावर उभ्या राहिलेल्या मुलाचा हात धरायचा नाही. "त्याचं अंग उडी तोलत असतं. तुम्ही हात ओढलात की तोल तुमचा होतो आणि पडतं ते."

हा नियम मला माहीत होता, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

मनू चिमणीच्या पाण्यावर थांबली होती. हिवाळ्यात मंडळाचा मेळावा व्हायचा होता, त्यात मुलांचा हा खेळ दाखवायचा होता, आणि तयारी बघायला आदल्या आठवड्यात आम्ही काही वडील मंडळी तिथे उभे होतो. शेजाऱ्यांचा लेक उंटाचं पाणी ओलांडून आला. मनू वीतभर पाण्यावरून टुणकन उडाली आणि टाळ्यांची वाट बघत उभी राहिली. कुणीतरी म्हणालं, "चिटणीसांची लेक अजून चिमणीच?" सगळे हसले. मीही हसलो. पण ते माझ्या मनात रुतून बसलं.

दुसऱ्या दिवशी मनूला पोचवायला मी जरा लवकर गेलो. पट्ट्या अंथरून झाल्या होत्या. ताई आमच्याकडे पाठ करून एका पोराच्या चड्डीची नाडी बांधत होत्या. मी मनूला उंटाच्या टोकाला नेलं. ती मागे सरकली. "बाबा, मला बकरी पण येत नाही अजून." मी म्हणालो, "बाबा आहे ना." तिचा डावा हात धरला, एक-दोन-तीन म्हटलं आणि ओढला. तिचे पाय सुटायच्या आत मी ओढला होता. ती हवेतच वळली आणि वाळूच्या पलीकडे कडक जमिनीवर कोपरावर पडली. ताई वळल्या तेव्हा मी तिला उचलून घेतलं होतं. त्यांनी फक्त पडलेलं मूल पाहिलं. दवाखान्यात प्लास्टर घालून होईस्तोवर मी मनूच्या कानात दोनदा सांगितलं होतं, "बाबांनी हात धरला होता हे कुणाला सांगायचं नाही." चार वर्षांच्या मुलीला...

मंडळाची बैठक झाली. अध्यक्ष रागात होते. "बाई, मुलं शिकायला पाठवतो आम्ही, सर्कशीत नाही." कुंदाताई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही तिथं होतात. तुम्ही सांगा, कशी पडली?" खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "पट्ट्या फार रुंद लावल्या होत्या."  मांडीवरच्या निळ्या पट्ट्या ताईंनी घडी करून पिशवीत ठेवल्या.

उड्या बंद झाल्या. मुलं सतरंजीवर हाताची घडी घालून पाढे म्हणू लागली. महिन्याभराने ताईंनी किल्ली आणून माझ्या हातात दिली. "बसवून ठेवलेली मुलं मला सांभाळता येत नाहीत, भाऊ." त्यानंतर त्यांनी कुठेच शिकवलं नाही. जगताप निवृत्त झाल्यावर ती दोघं दुर्गापुऱ्याला भाड्याच्या घरात राहायला गेली. ताई साड्यांना फॉल लावून देऊ लागल्या. दोन वर्षांपूर्वी बायकोची साडी आणायला गेलो तेव्हा मशीनवरून मान वर करून त्यांनी विचारलं, "मनू उड्या मारते का?" मी म्हणालो, "हो, मारते की." मनू मारत नाही. रस्त्यात पाणी साचलेलं दिसलं की ती अजून वळसा घालून जाते. मी तिथून निघालो तेव्हा ताई दारापर्यंत आल्या, उंबऱ्याशी थांबल्या. मी खरं बोलेन म्हणून त्या थांबल्या होत्या हे मला आता कळतं.

दहाव्यानंतर मी जगतापांकडे गेलो. मशीनवर चादर टाकलेली होती. मी बसलो आणि जे घडलं ते सांगून टाकलं. म्हातारा मग म्हणाला, "तिला माहीत होतं."

"कसं?"

"तुमच्या मुलीनंच सांगितलं. प्लास्टर निघाल्यावर बालवाडीत आली तेव्हा. हिच्या मांडीवर बसून रडली. बाबांना बोलू नका म्हणाली."

मी विचारलं, मग त्या कधीच कशा बोलल्या नाहीत. निदान मला तरी.

"मीपण भांडलो होतो तिच्याशी. म्हटलं, जाऊन सांग चारचौघांत. तर म्हणाली, मोठ्या माणसाचासुद्धा हात धरू नये. उभा आहे काठावर, मारेल उडी." जगताप उठले. दारामागच्या खिळ्याला एक पिशवी टांगलेली होती, आत त्या निळ्या पट्ट्यांची घडी, ती माझ्या हातात दिली. "सात वर्षं अशीच आहे. मी म्हणायचो टाकून दे. असू दे म्हणायची."

त्या रविवारी मंडळाने त्याच खोलीत शोकसभा ठेवली. त्या बैठकीतले बहुतेक जण होते, अध्यक्षही होते, पुढे जगताप बसले होते. मनमिळाऊ, कष्टाळू, हसतमुख असे शब्द बोलून झाले. माझ्या बायकोला मी आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. ती मनूला घेऊन भिंतीशी बसली होती. अकरा वर्षांची मनू माझ्या हातातल्या निळ्या घडीकडे बघत होती. मी उठलो.  पट्ट्या सतरंजीवर अंथरल्या, एका टोकाला वीतभर, दुसऱ्या टोकाला दीड हात, ताई अंथरत तशा. मग कुंदाताईंच्या फोटोकडे न बघता आधी मुलीकडे बघून बोललो, कारण माझं खोटं तिने वागवलं होतं.

"मनू, तुला मी खोटं बोलायला लावलं, माझं चुकलं. ताई, पट्ट्या रुंद नव्हत्या. मी तिचा हात ओढला. तुमच्या ओढ्यात कधीच कुणी पडलं नाही. मला माफ करा."