विमानाविरुद्ध माझा अर्ज

आमच्या सोसायटीत पार्किंग क्रमांक सातमध्ये विमान आहे. पाहुण्यांना पत्ता सांगताना मी हे मुद्दाम सांगते, म्हणजे चुकत नाहीत. "विश्रांतवाडीत या, आळंदी रस्त्यावरून आत वळा आणि कुणालाही विचारा, विमान कुठे आहे." रिक्षावाले आधी लोहगावच्या विमानतळाकडे बोट दाखवतात. "ते नाही हो, बिनपंखांचं," म्हटलं की बरोबर दारात आणून सोडतात.

पंख आहेत, नाही असं नाही. ते आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या मागे उभे आहेत. पाहुण्यांना वाटतं पार्टिशन आहे. एकदा मी एका पंखावर ओला टॉवेल टाकला, तर आमचे हे असे किंचाळले की मला वाटलं, खाली कुणी गेलं की काय.

हे म्हणजे माझे यजमान. जन्मभर कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये होते. निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. यांनी घड्याळ लावलं, त्याच्याखाली खुर्ची टाकली आणि आठ महिने खिडकीतून आळंदीच्या बसेस मोजल्या. "आज एकोणीस गेल्या." दिवसभरात एवढंच बोलणं. आमटीत मीठ विसरलं तरी मुकाट जेवायचे. मी मुद्दाम खोड्या काढून पाहिल्या, यांच्या बहिणीला नावं ठेवली, तरी ढिम्म. नवरा भांडेनासा झाला ना, की बायकोला धडकी भरते. मला भरली होती. खोटं कशाला बोलू?

मग एके दिवशी यांचे मित्र टेम्पोतून एक इंजिन घेऊन आले. हे मित्र म्हणजे मिस्त्री. बुधवार पेठेच्या पलीकडे त्यांचं गाड्यांचे सायलेन्सर जोडायचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. ईदला आमच्याकडे शिरखुर्मा पोचवतात आणि एरवी गॅसवर ठेवलेला चहा बघून बरोबर दारात उगवतात. कुठल्याशा परदेशी गाडीचं इंजिन त्यांना भंगारात सापडलं होतं. "वहिनी, हे साधं नाही, रोटरी आहे," ते मला म्हणाले. यात पिस्टन वरखाली होत नाही म्हणे. समोशासारखा तिकोनी लोखंडी तुकडा एका डब्यात गरागरा फिरत राहतो, बस. आकाराने लहान, ताकदीला दांडगं आणि आवाज विचारू नका.

यांनी त्या इंजिनाला सगळीकडून हात लावून पाहिला. मग उठून चष्मा शोधला. मग मला म्हणाले, "अगं, आमटीत आज मीठ नाही का?"

मी पदराने डोळे पुसले आणि मनात म्हटलं, बाबा इंजिना, राहा इथेच.

इंजिनामागून पाइप आले, पत्रे आले, इंटरनेटवरचे नकाशे आले, आणि हळूहळू कळलं की दोघे मिळून दोन सीटचं विमान बांधतायत. इंजिन गाडीचं, म्हणून त्यात फेरफार सुरू झाले. ते फार जोरात फिरतं, पंख्याला तेवढा वेग नको, म्हणून मध्ये गिअर बसवला. तो चारदा काढला. सायलेन्सर मिस्त्रींनी सहा वेळा कापून जोडला. आणि एवढं होतंय न होतंय तोच यांनी धुराचं काढलं. विमानं आकाशात पांढऱ्या धुराच्या रेघा ओढतात ना, तसा. टाकीतलं तेल एका बारीक नळीने तापलेल्या एक्झॉस्टमध्ये सोडायचं, की ते जळत नाही, त्याचा दाट पांढरा धूर होतो.

"उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग," मी म्हटलं. "उडायचा पत्ता नाही आणि धूर आधी?"

"अगं, आपल्या डोक्यावरून दिवसाला किती विमानं जातात? तू गच्चीवर उभी राहशील. त्यातलं माझं कुठलं, ते तुला कळायला नको?"

आता यावर दुसरी एखादी बाई विरघळली असती. मी म्हटलं, "मी कशाला उभी राहतेय गच्चीवर? मला कामं नाहीत?"

आणि मग सोऱ्याचं प्रकरण झालं. माझ्या आईने लग्नात दिलेला पितळी सोऱ्या. एकदा चकल्या करायला काढला, तर त्यातली चकलीची चकती गायब. शेवेची आहे, पापडीची आहे, चकलीची नाही. मी सगळं स्वयंपाकघर उपसलं. कामवाल्या बाईंवर संशय घेतला, पाप लागलं मला. शेवटी खाली गेले तर चकती विमानात! त्या धुराच्या नळीला एक्झॉस्टच्या बरोबर मध्यावर धरून बसलेली.

"पितळ आहे, उष्णता सोसतं," हे म्हणाले. "आणि भोक अगदी मापाचं आहे. मी कॅलिपरने मोजलं."

माझं डोकं असं फिरलं की त्या रोटरीचं काय फिरेल. वर आले, वहीचं पान टराटरा फाडलं आणि सोसायटीच्या अध्यक्षांना अर्ज लिहिला. "पार्किंग क्र. ७ मधील भंगार त्वरित हटवण्यात यावे. सदर भंगारामुळे रहिवाशांना अतोनात त्रास होत आहे." रहिवासी म्हणजे मी. खाली सही ठोकली, तक्रारपेटीत टाकला, येऊन पोहे केले आणि विसरले.

दोन महिन्यांनी जिन्यात वार्षिक सभेची सूचना लागली. विषय क्रमांक चार: पार्किंग क्र. ७ मधील वस्तू हलवणे, एका सभासदाच्या लेखी तक्रारीवरून.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"वस्तू?" हे जिन्यातच ओरडले. "विमानाला वस्तू म्हणतात? आणि कोण हा नतद्रष्ट तक्रारवाला? मला बघायचाच आहे."

मी म्हटलं, "असेल कुणी. चला, भाजी करपेल." भाजी अजून चिरायचीच होती.

यांचा संशय तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांवर गेला. ते बिचारे सकाळी बाल्कनीत प्राणायाम करतात. "एका नाकपुडीने श्वास घेतो आणि दुसरीने अर्ज लिहितो," हे म्हणाले आणि त्यांच्याशी बोलणं टाकलं. रोजचा पेपर वाचून त्यांना द्यायचे, तोही बंद केला. ते गृहस्थ मला लिफ्टमध्ये विचारतात, "वहिनी, माझं काही चुकलं का?" चोराच्या मनात चांदणं. मी चौथ्या मजल्यापर्यंत लिफ्टमधल्या सूचना वाचत राहिले.

सभेला आठवडा होता. गुरुवारी संध्याकाळी मी बाजारातून आले तर हे घड्याळाखाली, खिडकीशी. मी विचारलं, "चहा?" तर म्हणाले, "सतरा गेल्या."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. कोथिंबीर, टोमॅटो सगळं जमिनीवर, आणि हे वळूनसुद्धा बघेनात. विमान गेलं तर हा माणूस पुन्हा या खुर्चीत जाणार, आणि या वेळी उठणार नाही, हे मला स्वच्छ दिसलं. आणि त्याला खुर्चीत बसवणार कोण, तर मी. वहीच्या एका पानावर.

मी मिस्त्रींना फोन केला. अर्जाचं सांगितलं नाही, एवढी हिंमत नव्हती. ते म्हणाले, "वहिनी, रविवारी सभेच्या आधी सगळ्यांसमोर इंजिन चालवू या. पण नुसत्या इंजिनाने काही होत नाही. लोकांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. धूर काढू."

मग माझ्याही अंगात आलं. सभासदांना मऊ करायला मी चकल्या करायच्या ठरवल्या. तुळशीबागेतून नवा सोऱ्या आणला आणि शनिवारी दुपारभर तळत बसले. सकाळी प्रत्येक घरात पाच पाच पोचवल्या, तिसऱ्या मजल्यावर दहा. अध्यक्षांनाही दिल्या. ते सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, चकलीकडे फाइलसारखं बघितलं आणि म्हणाले, "सभेच्या कामकाजावर याचा परिणाम होणार नाही." मग तिथेच एक खाल्ली.

रविवारी दहाला विमान ढकलत गेटजवळच्या मोकळ्या जागेत आणलं. शेपटी दोरखंडाने गुलमोहराला बांधली, चाकांपुढे विटा लावल्या. पुढे दोरी धरून लोकांना लांब ठेवलं. सगळ्या बाल्कन्या भरल्या होत्या. मिस्त्री म्हणाले, "बिस्मिल्ला," हे म्हणाले, "पेट्रोल चालू," आणि मी मनात म्हटलं, बाबा इंजिना, लाज राख.

पहिल्यांदा नुसतं खोकलं. दुसऱ्यांदाही खोकलं. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. तिसऱ्यांदा जे सुरू झालं ते बापरे! बी विंगमधल्या खिडक्या थरथरल्या, तीन स्कूटरचे अलार्म एकदम वाजायला लागले. हे आत बसलेले, कानावर हेडफोन, तोंड आनंदाने उघडं. यांनी एक बटण दाबलं आणि मागून धूर निघाला. पांढराशुभ्र, दाट. पंख्याच्या वाऱ्याने तो थेट बी विंगवर गेला आणि तिथून वळून सगळ्यांच्या अंगावर आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग टाळ्या थांबल्या आणि सगळे नाक वर करून हुंगायला लागले.

ओवा. तीळ. तिखट.

"चकली!" वरून कुणीतरी ओरडलं. "कुणाकडे तळतायत?"

यांनी इंजिन बंद केलं आणि धुरातून माझ्याकडे बघितलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या घरात कुठल्याही डब्यावरचं नाव आजवर खरं निघालेलं नाही. बिस्किटाच्या डब्यात सुया-दोरे, कॉफीच्या बाटलीत जिरं. धुरासाठी आणलेल्या पॅराफिन तेलाचा एक कॅन रिकामा झाला तो मी धुऊन ठेवला होता. तळणीचं उरलेलं तेल टाकवतं का कुणाला? गाळून त्यात भरलं आणि कॅन गॅलरीत ठेवला. यांनी सकाळी लेबल वाचून उचलला.

हे धावत माझ्याजवळ आले. पांढरेफटक. कानात म्हणाले, "कॅनमध्ये तळणीचं तेल, मग चकल्या कशात तळल्यास?"

"म्हणजे?"

"अगं, ते पॅराफिन पोट साफ करायला देतात!"

मी अध्यक्षांकडे बघितलं. ते खिशातून काढून तिसरी चकली खात होते.

"नव्या पिशवीतल्या तेलात तळल्या," मी दातओठ खात म्हटलं. "मला काय वेड लागलंय?" तरीसुद्धा पुढचा तासभर आम्ही दोघं अध्यक्षांच्या चेहऱ्यावर नजर ठेवून होतो.

सभा तिथेच प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर भरली. सगळ्यांच्या केसांना तळणीचा वास आणि सगळ्यांना भूक. विषय एक, दोन, तीन कधी संपले कळलंच नाही. चौथा आला. निम्मे लोक म्हणाले, राहू द्या विमान, कुणाचं काय जातंय. अध्यक्षांनी हात वर केला.

"लेखी तक्रार आहे. नियमाप्रमाणे तक्रारदाराच्या नावासह वाचावी लागेल." त्यांनी कागदाची घडी उलगडली. वहीचं पान, फाटलेल्या कडेचं. लांबूनही ओळखलं मी.

हे तिसऱ्या मजल्याच्या गृहस्थांकडे रोखून बघत होते. ते बिचारे खाली मान घालून बसलेले.

मी उभी राहिले. "वाचू नका. मी लिहिलाय."

यांनी मान वळवली. आधी नीट समजलंच नाही त्यांना. मग समजलं. ते चेहऱ्यावर येताना मी पाहिलं, आणि मला वाटलं, यापेक्षा आरडाओरडा केला असता तर बरं.

"सोऱ्याची चकती घेतली होती यांनी," मी सगळ्यांना सांगितलं. माझाच आवाज मला केविलवाणा वाटला. "रागाच्या भरात लिहिलं. मी तक्रार मागे घेते."

"तोंडी चालत नाही," अध्यक्ष म्हणाले. "अर्ज द्या. कारणासह."

मिस्त्रींनी मुकाट्याने आपलं बिलबुक पुढे केलं. सगळी सोसायटी बघत होती. मी कारण लिहिलं: "सदर विमानाचा धूर आज निघाला. तो वर गेल्यावर मला गच्चीवरून ओळखता यावा यासाठी आहे. त्यामुळे विमान लागेल." सही केली. अध्यक्षांनी ते सगळ्यांसमोर, स्वल्पविरामासकट मोठ्याने वाचलं. मेल्याला काय गरज होती? मग म्हणाले, "कारण ग्राह्य. पुढचा विषय, पाण्याची टाकी."

हे माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या मजल्यावर जाऊन माफी मागून आले, पेपरही पुन्हा सुरू केला. माझ्याशी मात्र एक अक्षर नाही. पण खिडकीशी बसले नाहीत, खाली विमानाशीच होते, म्हणून मी निभावलं. मंगळवारी ओट्यावर चकती दिसली. घासूनपुसून ठेवलेली, तरी एका बाजूने काळी. मी ती उचलली, खाली जाऊन विमानाच्या सीटवर ठेवली आणि वर आले.

बुधवारी दुपारी गच्चीवर कुरडया वाळत घालत होते. मागे पावलं वाजली. हे येऊन कठड्याशी उभे राहिले. तेवढ्यात लोहगावला उतरणारं एक मोठं विमान अगदी डोक्यावरून गेलं. दोघांनी वर बघितलं.

"हे तुमचं नव्हे," मी म्हटलं.

यांनी कठड्यावरची धूळ झटकली. मग नाइलाजाने बोलावं तसं म्हणाले, "कशावरून?"

"चकलीचा वास कुठे आला?"