उष्टा प्याला

चहाचा ग्लास अर्धा झाला की ती थांबायची. ग्लासाची कड पुसायची नाही, अगदी मुद्दाम पुसायची नाही, आणि उरलेला चहा समोरच्यापुढे धरायची. "घे. उरलेलं न्हाई बाई, वाटलेलं हाय."

पहिल्यांदा माझ्यापुढे धरला तेव्हा मी म्हटलं, "मावशी, मी आत्ताच घेतला." साफ खोटं. आम्ही खानदेशातली माणसं. आमच्या घरात नवऱ्याचं उष्टं चालतं, लेकरांचं चालतं, बाकी जगाचं उष्टं ते उष्टंच. पण ती ग्लास मागे घेईना. हात तसाच. शेवटी वैतागून प्यायले. घरात गेले तर सासूने लगेच विचारलं, "काय व, तिचं उष्टं?" मी म्हटलं, गोड होता चहा. मी तोंडाची फटकळ, त्यामुळे सासूने पुढे वाढवलं नाही.

सुरतेच्या डिंडोलीत आमची दारं समोरासमोर. दोघी घरबसल्या साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम करायचो. मार्केटातला टेम्पो गठ्ठा टाकून जायचा आणि तिच्या ओट्यावर साडी पसरून आम्ही दोन टोकांना बसायचो. ती जालन्याकडची, ख्रिस्ती. नवरा लूमवर होता, तो मी राहायला येण्याआधीच गेलेला. मुलगा एकच, जवळच्या सचिन गावातल्या कारखान्यात सुपरवायझर. अशी बाई तुमच्याही गल्लीत असेल. तिच्या ओट्यावर कामापेक्षा गप्पाच जास्त होतात आणि तरी काम वेळेवर जातं.

गप्पा म्हणजे तिच्या देवळाच्या, चर्चला ती देऊळच म्हणायची. तिचा बाप मिशनच्या शाळेत मास्तर होता आणि जुन्या काळातल्या ख्रिस्ती धर्मसुधारणांच्या गोष्टी त्याने तिला लहानपणीच सांगितलेल्या. त्या ती भाऊबंदकीतली भांडणं सांगावीत तशा सांगायची. एका साधूने देवळाच्या दाराला कागद ठोकला, त्यात लिहिलं की वरच्या लोकांनी देवाच्या नावाने धंदा मांडलाय. मी विचारलं, "आपल्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावतात तसा?"

"तसाच. अन् चेअरमन भडकला."

पण तिची लाडकी गोष्ट प्याल्याची. "तिकडं युरोपात एका काळी प्रभुभोजनाला भाकर सगळ्यांना द्यायचे, अन् द्राक्षरसाचा प्याला पाळकानं, म्हंजे पाद्र्यानं, एकट्यानं प्यायचा. लोकांनी नुसतं बघत बसायचं. एका मास्तरानं मोठ्या लोकांच्या चुका काढल्या, तर त्याला जित्ता जाळला. मग त्याची माणसं पेटली. म्हणाली, प्याला आमाला बी पाहिजे. लढाया झाल्या त्याच्यापायी."

"एका घोटासाठी?" मी हसले.

"घोटासाठी कोण मरतंय? कोणाला आधी अन् कोणाला न्हाईच, त्याच्यासाठी मरत्यात." एवढं बोलून ती टिकली दाबायची. तिचा अंगठा डिंकाने कायम चकाकत असायचा.

मला तेव्हा वाटायचं, परक्यांच्या भांडणाचा हिला एवढा कळवळा कशाला? मग एकदा तिने स्वतःचं सांगितलं. तिच्या गावच्या देवळात दोन जातींतून आलेले लोक होते. धर्म एक झाला, बाक मात्र दोन राहिले. प्रभुभोजनाच्या दिवशी पुढच्या बाकांवरचे आधी प्यायचे आणि मागच्यांच्या हातात प्याला सगळ्यांत शेवटी यायचा. हिचं घर मागच्यांतलं. हिचं दृढीकरण झालं, म्हणजे मोठ्यांबरोबर प्याला घ्यायची परवानगी मिळाली, तेव्हा बापाने तिला हाताला धरून सगळ्यांच्या पुढे नेऊन उभं केलं. पाळकही धीराचा होता, त्याने प्याला हिलाच आधी दिला. ही प्यायली. मागे वळून पाहिलं तर पुढचे बाक रिकामे.

"सगळे गेले?"

"सगळे. वर्षभर एकाच्या वाड्यात वेगळी भक्ती केली त्यांनी. बापाला लोक बोलायचे, तू मंडळी मोडली. अन् मग एका रविवारी त्यांच्यातली एक म्हातारी आली. मह्यामागं उभी राह्यली. मी प्यायले अन् प्याला तिला दिला. तिनं कड पुसली न्हाई. माहा बाप तिथंच रडला."

त्या दिवसापासून मी तिचा अर्धा ग्लास कधी नाकारला नाही.

सुरतेत त्यांच्या मराठी मंडळीला दुपारी देऊळ मिळायचं, सकाळच्या गुजराती भक्तीनंतर. तिथे प्याला एकच होता आणि ती त्यावर खूश होती. मग कोरोना आला. देवळं बंद झाली, उघडली, तेव्हा प्याला गेलेला आणि त्याच्या जागी ट्रेमध्ये बोटाएवढ्या प्लास्टिकच्या वाट्या, ज्याची त्याला. ठरवणाऱ्या कमिटीत तिचा मुलगाच पुढे. तेव्हा ती काही बोलली नाही. आजार होता, बरोबरच होतं. पण आजार गेला आणि वाट्या राहिल्या. स्वच्छ वाटतं, लवकर आटपतं, असं लोक म्हणू लागले. ट्रे आला की ती न घेता शेजारणीकडे सरकवायची. कमिटीवाल्याचीच आई घेत नाही, म्हणून मुलाची मान खाली.

"आई, काळ बदलला," तो एकदा ओट्यावरच म्हणाला. "ही पण सुधारणाच आहे ना?"

"आमी एकमेकांचं उष्टं घ्यावं म्हणून माणसं जळाली. तू उष्टं व्हऊ नये म्हणून वाट्या आणतो. ह्याला सुधारणा म्हणतो व्हय?" मग तिचा आवाज उतरला. "एकदाच. तू ट्रे धरतो ना, त्या हातानं एकदा एकच प्याला फिरव. मी बी पिते, तू बी पी. मग मी मरायला मोकळी."

"नाताळात बघू," तो म्हणाला.

पोरगा वाईट नव्हता हो. आईवर जीव होता. त्याला वाटलं, आईला प्लास्टिक आवडत नाही. म्हणून त्याने वाढदिवसाला चांदीची छोटी वाटी घडवून आणली, वर तिचं नाव कोरलेलं. तिच्या एकटीची वाटी. तिने ती हातात घेऊन कितीतरी वेळ पाहिली. त्याच्या गालावरून हात फिरवला. तो गेल्यावर तिने साडीच्या टिकल्या त्या वाटीत ओतल्या आणि म्हणाली, "कामाला आली बघ." आम्ही दोघी हसलो, पण तिचे डोळे भरलेले होते.

नाताळापर्यंत ती टिकली नाही. पावसाळ्यात खोकला सुरू झाला, फुप्फुसं खराब निघाली, दवाखान्यातून घरी पाठवलं. पाळक भेटायला आले. तरुण, मऊ बोलणारा माणूस. त्यांनी पेटी उघडली, आत छोट्या वाट्या. मुलगा उशाशी उभा, मी दारात.

"एकच प्याला आणा," ती म्हणाली. "मी, तुमी अन् माहा लेक."

पाळकांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा म्हणाला, "आई, डॉक्टर काय म्हणाले? तुझा खोकला... पाळकसाहेबांच्या घरी लहान बाळ आहे."

 बाळाचं नाव ऐकल्यावर ती हट्ट करणार नाही, हे मला माहीत होतं. "खरं हाय," ती म्हणाली. "मग ऱ्हाऊ द्या." वाटी तिने घेतली नाही. पाळकांनी प्रार्थना केली आणि मुलगा त्यांना सोडायला बाहेर गेला. 

मी चहा केला. तिला ग्लास उचलवेना. मी तिच्या तोंडाशी नेला तर तिने मान हलवली आणि बोटाने माझ्याकडे दाखवलं. आधी मी. मी अर्धा प्यायले, कड पुसली नाही आणि उरलेला तिला पाजला. एकच घोट गेला असेल. बाकीचा हनुवटीवरून ओघळला, तो मी पदराने टिपला.

दोन दिवसांनी ती गेली. पुरताना माती टाकायला मीही गेले. सासूने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी मुलगा माझ्याकडे आला. हातात ती चांदीची वाटी, टिकल्या अजून तशाच आत. "हे काम तुमचं राहिलंय ना, ताई," म्हणाला. वाटीवर कोरलेलं नाव डिंकाने बुजून गेलं होतं आणि तो ते अंगठ्याने खरवडत होता.

"मी आज ट्रे धरला नाही," तो म्हणाला. "प्याला मागितला. लोक म्हणाले, पुन्हा कधीतरी बघू."

मी त्याला चहा दिला. तो अर्धा प्यायला आणि थांबला. पुढचं काय करायचं ते त्याला लहानपणापासून पाठ होतं, पण हात काही उचलवेना. ग्लास मांडीवर धरून तो रडत बसला. मीच तो त्याच्या हातातून सोडवून घेतला. चहा गार झाला होता. मी प्यायले.