सेटवर संपत बोलत होता

आमची बटालियन शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत होती. मी हवालदार, रेडिओ ऑपरेटर, गाव कासार आंबोली. गेटच्या गार्डवर नाईक संपत, लवळ्याचा. अख्ख्या बटालियनमध्ये मुळशीचे आम्ही दोघेच. बाकीच्यांशी हिंदी, एकमेकांशी गावचं.

परदेशात सव्वीस जानेवारी फार जोरात होते. गावात झेंडावंदनाला मागच्या रांगेत जांभया देणारा माणूस तिथे आदल्या दिवसापासून बूट घासत बसतो. संपतला तर चैनच नव्हतं. झेंडा उघडला की फुलं पडलीच पाहिजेत, आणि तिथे झेंडू कुठला? म्हणून दसऱ्याच्या तोरणातली वाळकी फुलं घरून आणून त्याने पाण्याच्या टाकीशेजारी पेरली होती.

"फौजेत आलास का माळीकाम कराया?" मी म्हणालो.

"तू सेट कानाला लाव अन् गप बस."

फुलं आली. झेंड्याची घडी त्यानेच बांधली आणि तो गेटवर ड्यूटीला गेला.

झेंडा फडकला, पाकळ्या पडल्या, पाहुण्या देशांच्या अधिकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. राष्ट्रगीत मी कंट्रोल रूममध्ये सेटसमोर सावधान उभा राहून ऐकलं. जिलेबीची परात फिरू लागली तोच बाहेर फायरिंग सुरू झालं. तिथले दोन गट एकमेकांवर उठले होते आणि मधल्या वस्तीतली माणसं आमच्या गेटकडे पळत होती.

"कंट्रोल, मेन गेट. सिव्हिलियन आ रहे हैं. औरतें, बच्चे. पीछे से फायर. ओव्हर."

मेजरसाहेबांनी धावत येऊन माईक घेतला. "गेट खोलो. सबको अंदर लो. क्यूआरटी आ रही है. ओव्हर."

"रॉजर. एक बूढ़ी बाहर गिरी है. ला रहा हूँ. आउट."

क्यूआरटी, म्हणजे तातडीची तुकडी, गाडीतून निघाली. पुन्हा सेट वाजला तेव्हा आवाज संपतचाच होता, पण तो आमच्याशी बोलत नव्हता. गोळी लागून तो पडला होता आणि सेटचं बटण त्याच्या अंगाखाली दबलं होतं. एकाचं बटण दाबलेलं असलं की त्या चॅनलवर दुसऱ्या कुणाला बोलता येत नाही.

"हितं बस, मावशे," तो धापा टाकत म्हणत होता. "हालू नगं. डोकं खाली. आमी हाय न्हवं?"

"क्या बोल रहा है?" साहेबांनी विचारलं.

"उस बूढ़ी से बात कर रहा है, साब. मराठी में."

टॉवरवरचा जवान ओरडून सांगत होता, फायर डावीकडच्या नाल्यातून येतंय. हे कळवलं नाही तर क्यूआरटीची गाडी थेट नाल्यासमोर जाणार होती. चॅनल असा अडकला की सगळ्यांनी राखीव चॅनलवर जायचं, हा नियम.

"चॅनल बदलो," साहेब म्हणाले.

माझा हात नॉबवर होता. "घाबरू नगं," संपत म्हणाला, "आत्ता येत्याल." मी नॉब फिरवला.

निरोप पोचला. क्यूआरटी नाल्याच्या मागून गेली, वस्तीतली माणसं आत आली. संपत गेला होता. म्हातारी त्याच्या हाताखाली जिवंत होती, तिला खरचटलंही नव्हतं. संध्याकाळी झेंडा अर्ध्यावर आणला.

हुकूम बरोबर होता. पुन्हा तसंच घडलं तर मी पुन्हा नॉब फिरवीन. पण संपतने माझी पाठ सोडलेली नाही. गाडीत गाण्याचं स्टेशन बदलताना मधल्या खरखरीत तो येतो. शेवटी बायकोने रेडिओच काढायला लावला.

दर सव्वीस जानेवारीला लवळ्यातलं झेंडावंदन झालं की मी संपतच्या आईकडे जातो. वरच्या खोल्या तिने कॉलेजच्या पोरांना भाड्याने दिल्यात. सुट्टी म्हणून पोरं झोपलेली असतात. ती चहा टाकते, तो काय म्हणाला ते विचारते, मी सांगतो.

यंदा तिने मला थांबवलं. "त्ये ठावं हाय रं, शिवा. त्याच्या म्होरं काय म्हनला?"

"म्होरचं मी ऐकलं न्हाई, काकू. चॅनल बदलावा लागला."

"मग कुनी ऐकलं?"

"त्या म्हातारीनं."

"तिला इचारलं न्हाई व्हय?"

"इचारलं, काकू. दुसऱ्या दिशी दुभाष्या घिऊन गेलतो. म्हनली, लई येळ बोलत व्हता. काय, त्ये तिला कळलं न्हाई."