चादर उलटून बघणारी चैताली

आमच्या कारखान्यात गिऱ्हाईक आलं की आधी काय करतं? चादर उलटतं. सोलापूरची चादर दोन्हीकडून वापरायची असते. पुढे निळ्यावर लाल मोर, तर मागे लालवर निळा. मागची बाजू पसंत पडली तरच माणूस भाव विचारतो. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण चैताली ज्या सॉफ्टवेअरवर चादरीची नक्षी काढायची, त्याला ते ठाऊक नव्हतं. त्यात फक्त पुढची बाजू दिसायची.

चैताली अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमच्याकडे डिझाइन करते. मी शेजारच्या टेबलावर विणून आलेला माल तपासते, त्यामुळे तिची बडबड ऐकणं हाही माझ्या नोकरीचाच भाग आहे. पोरगी बुधवार पेठेतली, बीसीए झालेली, आणि हसायला लागली की मागांचा आवाज फिका पडतो. ते सॉफ्टवेअर तिनंच शोधलं होतं. ओपन सोर्स. म्हणजे जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं. फुकट वापरा, आत उघडून बघा, जमलं तर सुधारून परत पाठवा. आमच्या मालकांना त्यातला ‘फुकट’ एवढाच शब्द ऐकू आला. चैतालीच्या मनात मात्र ‘परत पाठवा’ घर करून बसलं.

त्याला कारण तिची आई, मीनाबाई. शेजारच्या रंभाबाईंकडून धपाट्यांचा डबा आला, तर तो मीनाबाईंनी आजवर रिकामा परत केलेला नाही. शेंगांची चटणी घालतील, तीही नसली तर मूठभर साखर.

“वैजयंतीताई, ह्या सॉफ्टवेअरवाल्या लोकांचा डबा कवापासनं आपल्याकडंच हाय की,” चैताली एकदा मला म्हणाली. “रिकामा कसा द्यायचा?”

मग तिनं ठरवलं, सॉफ्टवेअरला चादर उलटायला शिकवायचं. जेवणाच्या सुट्टीत ती कोड लिहीत बसायची. शेवटी एक बटण तयार झालं. दाबलं की पडद्यावरची चादर पालथी आणि मागची बाजू समोर. मी स्वतः दाबून पाहिलं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते पुन्हा पुन्हा दाबावंसं वाटलं.

पण नुसतं बटण पाठवणं तिच्या जिवावर आलं. मीनाबाईंची लेक ती, डबा शिगोशीग भरल्याशिवाय तिला चैन कुठलं? तिनं त्यातच सोलापुरी रंग घातले, मेनू नीट मांडला, आणि सॉफ्टवेअर उघडल्यावर नमुना म्हणून जे साधं चौकडीचं कापड दिसायचं, तिथं स्वतः काढलेला मोर बसवला. आणि दिलं सगळं एकदम पाठवून.

उत्तर आलं फिनलंडहून. तिथली एक बाई या सॉफ्टवेअरची देखरेख करते. आलेलं काम तपासायचं, चांगलं असेल ते आत घ्यायचं. म्हणजे माझ्याच जातकुळीची. तिनं सगळंच्या सगळं परत केलं. एका वेळी एकच बदल पाठवा, एवढं एकत्र तपासता येत नाही, असं तिनं लिहिलं होतं. शिवाय विचारलं होतं, कापडाची मागची बाजू कुणाला कशाला बघायची असेल?

मला त्या बाईचा असा राग आला! कशाला बघायची म्हणे. चैताली मात्र त्या दिवशी हसलीच नाही.

“जाऊ दे ताई. आपलं त्यांना पटायचं न्हाय,” एवढंच म्हणाली.

घरी मीनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि लेकीलाच झापलं. “चटणीत साखर कालवून देतीस व्हय कुणाला? येगयेगळं दे की.”

दुसऱ्या दिवशी चैतालीनं बाकीचं सगळं काढलं आणि नुसतं बटण ठेवलं. मोर काढून टाकताना तिचा चेहरा बघवत नव्हता. राहिला ‘कशाला’चा जवाब. त्यासाठी आम्ही मीनाबाईंनाच कारखान्यात गिऱ्हाईक म्हणून उभं केलं आणि मी मोबाइलवर व्हिडिओ काढला. मीनाबाईंनी चादर हातात घेतली ती थेट उलटलीच. मागून बोट फिरवलं आणि कॅमेऱ्याकडे बघून बजावलं, “हिकडनं बी बघत जावा, बाई. अंगावर कुटली बाजू येईल काय सांगावं?” चैतालीनं त्याचं इंग्रजी खाली लिहिलं आणि बटणासोबत धाडून दिलं.

बटण मंजूर झाल्याचं कळलं तेव्हा चैताली एवढ्यानं ओरडली, की कुणाचा हात अडकला की काय म्हणून मागावरच्या मानसिंगनं चालू माग बंद केला. मालकांनी सगळ्यांना चहा सांगितला. मला इतका आनंद झाला, की मी त्या दिवशी एकही चादर नापास केली नाही.

नवीन आवृत्ती आली त्या दिवशी मीनाबाई मुद्दाम कारखान्यात आल्या. चैतालीनं सॉफ्टवेअर उघडलं. पडद्यावर चौकडीचं कापड नव्हतं. तिचा मोर होता, आणि खाली तिचं नाव. पहिल्या वेळी परत केलेल्या कामातून फिनलंडच्या त्या बाईनं तो स्वतः उचलून, वेगळा बदल म्हणून आत घेतला होता.

चैताली रडत होती की हसत होती, मला कळलं नाही. माझंही तेच चाललं होतं.

“बघ,” मीनाबाई म्हणाल्या, “तिनं बी डबा रिकामा न्हाय धाडला.”

मग त्यांनी विचारून ते बटण दाबलं, मोर मागून नीट पाहिला आणि मगच मान डोलावली.