निघायचा शब्द

माझी शाळा चौथीपर्यंत. तरी तीन भाषा बोलतो आणि तिन्हीत कुणाचं ऐकून घेत न्हाई. पण त्या तिन्ही भाषांनी मला एकाच जागी दगा दिला.

आमचं गाव हुमनाबादजवळ. माझ्याकडं ट्रॅक्टर होता, मागं पाण्याचा टँकर. लग्नाकार्याला, बांधकामाला पाणी न्यायचो. एकदा हमरस्त्यावर जीप उलटली. पोलिसांनी बोलावलं, "रस्ता धुवून दे." धुतला. तेव्हापासून ठाण्यात माझंच नाव. मग घरं बी आली. कुणी घरात जीव दिलेला, कुणाचा भांडणात गेलेला. पंचनामा होतो, मढं जातं. मागं राहिलेली फरशी कुणी पुसायची, हे कुठल्याच कागदात न्हाई. घरच्यांनी हात लावू बी नये. भाऊबंद मात्र उंबऱ्याबाहेर उभे राहून मला शिकवायचे, "त्या कोपऱ्यात राहिलंय बघा." अरे, दिसतंय तर तू ये की आत!

मला हौस नव्हती. पण दुसऱ्या कुणाला जमत न्हाई म्हटल्यावर मी माघार घेणारा माणूस नव्हे.

पहिल्याच घरात चुकलो. एका म्हातारीचा लेक गेला होता. दुपारभर माजघर घासलं, फिनाईल टाकलं, हातपाय धुतले, चपला घातल्या आणि सवयीनं म्हणालो, "येतो, अक्का."

भिंतीला टेकून बसलेली म्हातारी ताडकन उठली. "कामून येतोस? आता कुणाला न्यायला येतोस?"

तिचं काय चुकलं? मी परत यायचं म्हणजे त्या घरातलं अजून एक माणूस जायचं.

बरं, 'जातो' म्हणावं, तर आपल्यात तसं कुणी म्हणत न्हाई. कानडीत बघावं, तर 'होगि बर्तीनि', म्हणजे जाऊन येतो. दखनीत 'जाके आतूं'. तेच! ज्यानं परत येऊच नये त्याच्यासाठी एकीनं बी शब्द करून ठेवला न्हाई. मग मी मुक्यानं निघायला लागलो. बादली उचलायची, पाठ फिरवायची.

वाटलं होतं, ही रीत त्या घरांपुरती राहील. न्हाई राहिली. लग्नघरातनं मुका, सोयऱ्याच्या जेवणावरनं मुका. लोक म्हणाले, म्हातारा माजलाय. म्हणू दिलं. टँकर विकला, काम सुटलं, पण जीभ काही सुटली न्हाई. फिनाईलचा वास आला की अजून घास खाली जात न्हाई. जावईबापूंनी कलबुर्गीला डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, "बोलून टाका काका, मन हलकं होईल." म्हणालो, "सगळंच बोलतो की मी. एका शब्दाचं औषध द्या." त्यानं झोपेच्या गोळ्या लिहिल्या. झोप तर मला येतच होती!

लेक खजुरीला दिली आहे. एकुलती एक. तिच्याकडं गेलो की परत निघताना ती चुलीपाशी असेल ती वेळ धरायची आणि गुपचूप फाटा गाठायचा. मागच्या खेपेला ती भाकरीचं गाठोडं घेऊन फाट्यापर्यंत पळत आली. बस हलली होती. काचेतनं दिसली मला. तिची सासू तिला म्हणाली म्हणे, "तुझा बाप आमच्या घरात चोरी करतोय का गं, असा पळायला?"

ह्या खेपेला तिनं आल्या आल्याच बजावलं. "अप्पा, सांगून जायचं असंल तर रहा. न्हाईतर पुन्हा येऊच नका."

आज सकाळी पिशवी उचलली, तर ही गाठोडं घेऊन दारात आडवी.

"म्हणा."

"काय म्हणू?"

"सगळं जग म्हणतं ते."

तोंड उघडलं. ती म्हातारीच डोळ्यापुढं उठून उभी राहिली. मिटलं.

"माझ्यावर रुसलाव का, अप्पा?" तिचे डोळे भरले.

मग माझा बी तोल गेला. "रुसलो न्हाई! तुझ्या घरात मला ते म्हणायचं न्हाई!" आणि उभ्या उभ्याच, रागारागात, त्या म्हातारीचं सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत लेकीला कधी सांगितलं नव्हतं. चांगल्या घरात कशाला ते आणायचं?

तिनं गाठोडं माझ्या पिशवीत ठेवलं. मग म्हणाली, "तुम्ही म्हणू नका. मी 'या' म्हणते. तुम्ही नुसती मान हलवा."

आणि म्हणाली बी, "या, अप्पा."

मान! कुणापुढं न वाकलेली मान, ती एवढ्याशाला अडून बसली. हलंना. फाट्यावर बसनं हॉर्न दिला, बस गेली.

आतनं सासूचा आवाज आला, "गेला का तुझा बाप?"

"न्हाई, हाईत अजून," लेक म्हणाली आणि पिशवी माझ्या हातातनं काढून घेतली.

आता तिच्या ओट्यावर बसून हे लिहायलोय. चपला काढल्यात. घरी म्हैस शेजाऱ्यावर टाकून आलोय, ती त्याला दूध देत न्हाई, लाथ मारते, मला पक्कं ठाऊक आहे. उद्या सकाळी बी बस आहे. लेकीला सांगून ठेवलंय, 'या' जरा हळू म्हण.